साथीत देश सोडायचा असेल तर : चाळीस दिवसांपासून क्यूआर कोडपर्यंत



एकेकाळी परदेशी गेलेला माणूस गावात एखादाच असे आणि त्याची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाई. आता तसं राहिलेलं नाही. तुमसर, साकोली, लाखनी, पवनी, कुठल्याही गावात विचारा. कुणाचा मुलगा दुबईत किंवा कतारमध्ये कामाला असतो, कुणाची मुलगी जर्मनीत किंवा कॅनडात शिकत असते. ही मंडळी जाण्याआधी आमच्याकडे येतात ती कागदांसाठी. फिटनेसचा दाखला, लसींची नोंद, छातीचा एक्स-रे, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी. हे काम चालू असताना दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "डॉक्टर, एवढे कागद कशाला लागतात?" आणि दुसरा, जो बहुतेक वेळा आई किंवा वडील विचारतात, "पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर काय करायचं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत, म्हणून आजचा लेख औषधांवर नाही. साथीच्या काळात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांना आजवर कशातून जावं लागलं, ते यात पाहू. हा इतिहास माहीत असला की नियम ऐकून घाबरायला होत नाही आणि तयारी कशाची करायची तेही कळतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या : जंतूचा लपण्याचा काळ

जंतू शरीरात शिरला की माणूस त्याच क्षणी आजारी पडत नाही. मधे काही तास, काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही जातात. या मधल्या काळाला आम्ही इन्क्युबेशन पिरियड म्हणतो. या लेखापुरतं आपण त्याला लपण्याचा काळ म्हणू. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. गाठीच्या प्लेगमध्ये साधारण एक ते सात दिवस, फ्लूमध्ये एक ते चार दिवस, पीतज्वरात तीन ते सहा दिवस. देवी या रोगात तो एक ते जवळपास तीन आठवडे असे. कोविडसाठी सुरुवातीला दोन ते चौदा दिवस धरला गेला.

प्रवासाचे सगळे आरोग्यनियम या एका गोष्टीभोवती फिरतात. बंदरावर उतरलेला माणूस दिसायला ठणठणीत आहे, पण जंतू त्याच्या आत लपलेला असेल तर? हे ओळखायचा जुना उपाय एकच होता. त्याला बाजूला ठेवायचं आणि वाट पाहायची. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा या शहराने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवायचा नियम केला. पुढे तीसचे चाळीस दिवस झाले. इटालियन भाषेतल्या 'चाळीस' या अर्थाच्या शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द आला. जंतू म्हणजे काय हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे दिवसांचा आकडा अंदाजाने ठरला होता. वाट पाहण्याची कल्पना मात्र बरोबर होती.

इथे एक फरक लक्षात ठेवा. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन, आणि ज्याचा संपर्क आला असावा अशा निरोगी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. कोविडमध्ये हे दोन्ही शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरले.

१८५६ : मॉरिशसच्या वाटेवरचं बेट

एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं मोठ्या संख्येने परदेशी गेली ती मॉरिशसला. उसाच्या मळ्यांत कराराने काम करायला कोकणातली कुटुंबं मुंबईहून जहाजाने गेली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मद्रास आणि कलकत्त्याहून जाणारे मजूर तर त्याहून कितीतरी जास्त होते.

त्या काळात पटकीच्या साथी जहाजांबरोबर जगभर फिरत होत्या. १८५४ साली मॉरिशसमध्ये पटकीने हाहाकार माजवला होता आणि बेटावरचे लोक भारतातून येणाऱ्या जहाजांना घाबरून होते. जानेवारी १८५६ मध्ये कलकत्त्याहून दोन जहाजं आली, हायदरी आणि फत्ते मुबारक. जहाजांवर पटकीचे रुग्ण निघाले. मजुरांना मुख्य बेटावर उतरू दिलं नाही. उत्तरेकडच्या गॅब्रिएल नावाच्या छोट्या, ओसाड बेटावर त्यांना ठेवलं गेलं. तिथे पुरेसा निवारा नव्हता, पुरेसं पाणी आणि औषधं नव्हती. जवळपास सातशे माणसं उतरली होती, त्यातली पावणेतीनशेहून अधिक तिथेच मेली. या प्रकारानंतर भारत सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं.

डॉक्टर म्हणून मला यात काय दिसतं ते सांगतो. पटकी दूषित पाण्यातून पसरते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली एका हातपंपाचा माग काढून हे दाखवून दिलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला पुढे बराच काळ गेला. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला तो १८८३-८४ मध्ये, आधी इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात. म्हणजे १८५६ साली थांबवणाऱ्यांना किती दिवस थांबवायचं याची चिंता होती, पण थांबलेल्या माणसाने कोणतं पाणी प्यायचं हा प्रश्न मागे पडला. पटकीच्या रुग्णाला वाचवतात ते मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी. तेच तिथे नव्हतं.

म्हणून कुणालाही थांबवायचं असेल तर थांबलेल्या माणसाचं खाणं, पाणी आणि उपचार ही थांबवणाऱ्याची जबाबदारी असते. आणि ज्याला थांबावं लागू शकतं त्याने आपल्या औषधांची सोय सोबत ठेवायची असते. या दुसऱ्या मुद्द्याकडे आपण लेखाच्या शेवटी येऊ.

१८९६-९७ : मुंबईचा प्लेग आणि पहिले दाखले

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. बातमी पसरताच लोकांनी मुंबई सोडायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत लाखो माणसं शहराबाहेर पडली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कोविडमध्ये आपल्या जिल्ह्यात जे आदेश निघत होते, त्यांच्यामागेही हाच सव्वाशे वर्षं जुना कायदा होता.

बाहेरच्या जगाची प्रतिक्रियाही लगेच आली. मुंबई हे मोठं बंदर, तिथून युरोप, आफ्रिका, अरबस्तान सगळीकडे जहाजं जात. १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युरोपच्या दबावाखाली सरकारने त्या वर्षी हज यात्रा थांबवली. मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशांची डॉक्टरी तपासणी सुरू झाली. ताप पाहायचा, मानेत, काखेत, जांघेत गाठ आहे का ते पाहायचं. रेल्वे स्टेशनांवरही तेच. लोकांना, विशेषतः बायकांना, ही तपासणी अपमानकारक वाटे. सक्ती किती चिघळली हे पुण्याच्या रँडप्रकरणावरून सगळ्यांना माहीत आहे.

मद्रास इलाख्यात तर 'प्लेग पासपोर्ट' नावाचा कागद होता. प्लेगच्या भागातून आलेल्या प्रवाशाला तो दिला जाई आणि मुक्कामाच्या ठिकाणी दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवली जाई. दहा दिवसच का? लपण्याचा काळ संपून थोडी सवड राहावी म्हणून. चाळीसचे दहा झाले, कारण रोग आता थोडा अधिक समजला होता.

याच काळात वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लस टोचलेल्यांना दाखले दिले जाऊ लागले आणि तो दाखला असणाऱ्याला काही ठिकाणी सक्तीच्या विलगीकरणातून सूट मिळे. लस घेतल्याचा कागद दाखवा आणि पुढे जा, हा प्रकार २०२१ चा नाही. आपल्या मुंबई इलाख्यात तो सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ साली दाखवलं, आणि ते पटायलाही पुढे काही वर्षं लागली. तोवर प्रवाशांच्या काखा तपासल्या जात होत्या आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर बिनतपासणीचे गावोगाव जात होते. पुढच्या काही वर्षांत आपल्या मध्य प्रांतातही प्लेग पोहोचला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता.

१९१८ : ज्याला कुठलाच कागद अडवू शकला नसता

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात आला आणि पहिल्या महायुद्धातून येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांबरोबर, रेल्वेच्या मार्गाने आत शिरला. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती. भारतात सव्वा कोटी किंवा त्याहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. सर्वाधिक फटका बसलेल्या भागांमध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते, म्हणजे आपलाच भाग. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

फ्लूचा लपण्याचा काळ फक्त एक ते चार दिवस, आणि ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवू शकतो. तेव्हा लस नव्हती, तपासणी नव्हती, विषाणूही दिसलेला नव्हता. अशा आजारात बंदरावर ताप मोजून फारसं काही साधत नाही. कोविडच्या वेळी विमानतळावरच्या ताप मोजण्याच्या बंदुकीने फार थोडे रुग्ण सापडले, त्याचं कारण हेच. प्रत्येक साथीला एकच नियम लागू पडत नाही. म्हणून गेल्या वेळचे नियम पाठ करून पुढच्या साथीची तयारी होत नसते.

पिवळं पुस्तक

तुमच्या घरात १९५० ते १९७० च्या दशकांत कुणी परदेशी गेलं असेल, तर जुन्या ट्रंकेत पिवळसर छोटी पुस्तिका सापडू शकते. ते लसीकरणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय नियम केले आणि प्रत्येक रोगाचा लपण्याचा काळ कायद्यात लिहून टाकला. प्लेग सहा दिवस, पटकी पाच, पीतज्वर सहा, देवी चौदा. कुठल्याही देशाला प्रवाशाला रोगाच्या नावाखाली महिनोन्महिने अडवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

देवीच्या लसीचा दाखला तीन वर्षं चाले, पण पहिल्यांदा लस घेतली असेल तर तो आठ दिवसांनंतरच लागू होई. कारण लस लागली की नाही हे दंडावरच्या फोडावरून साधारण आठवड्याने कळत असे. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं आणि तो दाखला इतिहासजमा झाला. पटकीच्या लसीचा दाखला त्याआधीच, १९७३ मध्ये, आंतरराष्ट्रीय नियमांतून काढला गेला. ती जुनी लस अपुरं आणि थोडे महिनेच संरक्षण देत होती आणि तिने एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी पटकी थांबत नव्हती.

राहिला तो पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत तो आहे, आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा एडीस डास आपल्याकडे भरपूर आहे; डेंग्यू पसरवतो तोच. म्हणून पीतज्वर असलेल्या देशातून वैध दाखल्याशिवाय आलात, तर आपलंच सरकार तुम्हाला सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतं. सहा हा आकडा कुठून आला ते आता तुम्हाला सांगायला नको. लस टोचल्यावर दाखला दहाव्या दिवशी लागू होतो, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. पूर्वी तो दहा वर्षं चालत असे, जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतो.

१९९४ : बीड, सुरत आणि थांबलेली विमानं

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं असताना, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग. काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडलं. आखाती देशांसह अनेक देशांनी भारताची विमानं थांबवली किंवा भारतीय प्रवाशांवर बंधनं घातली. काहींनी तर आपला मालही घेणं बंद केलं. सुट्टीवर आलेले कामगार इथेच अडकले.

प्रत्यक्षात मृत्यू पन्नासच्या आसपास होते आणि टेट्रासायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी हा आजार बरा होत होता. जगाने घातलेली बंधनं रोगाच्या मानाने फारच जास्त होती. या आणि पुढच्या सार्सच्या अनुभवातून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ साली नव्याने लिहिले गेले आणि जून २००७ मध्ये लागू झाले. देशाने साथ लपवू नये, आणि ती कळवणाऱ्या देशाला इतरांनी विनाकारण वाळीत टाकू नये, असा त्यांचा गाभा आहे.

२०२०-२२ : आपण सगळ्यांनी पाहिलेला अध्याय

मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली आणि नियमित उड्डाणं पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ रोजी. मधली दोन वर्षं वंदे भारत उड्डाणं आणि निवडक देशांशी केलेले 'एअर बबल' करार यांवर निघाली. दारं एका रात्रीत बंद झाली आणि उघडली ती हळूहळू, एकेका देशासाठी वेगळ्या अटींवर.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, ब्रिटनने भारताला 'रेड लिस्ट'मध्ये टाकलं. ज्यांना प्रवेशाचा हक्क होता त्यांनाही दहा दिवस स्वखर्चाने हॉटेलात राहावं लागे. कॅनडाने थेट विमानं जवळपास पाच महिने बंद ठेवली आणि तिसऱ्या देशातून येणाऱ्यांना त्या तिसऱ्या देशातली आरटीपीसीआर मागितली. ऑस्ट्रेलियाने मे महिन्यात काही दिवस भारतात असलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही परत येऊ दिलं नाही. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे आपले हजारो विद्यार्थी २०२० च्या सुरुवातीला सुट्टीत घरी आले आणि त्यांना पुन्हा व्हिसा मिळायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. तोवर डॉक्टरकीचं शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर चाललं.

लसीच्या दाखल्याची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची झाली. मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. ज्यांचं कॉलेज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणार, त्यांचं काय? म्हणून जूनमध्ये शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनी दुसरा डोस घेण्याची सवलत मिळाली आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडला जाऊ लागला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची अडचण वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती लस ३ नोव्हेंबर २०२१ रोजी आली. तोवर अनेक देश ती धरतच नव्हते. ब्रिटनने तर सप्टेंबरमध्ये पुण्यात बनलेल्या कोविशील्डवरूनही घोळ घातला. त्या वादात एक मुद्दा असा निघाला की आपल्या प्रमाणपत्रावर वय होतं, जन्मतारीख नव्हती. भारतानेही ब्रिटनच्या प्रवाशांना तसाच नियम लावला आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला नियम बदलला.

लस तीच, माणूस तोच, त्याच्या शरीरातली प्रतिकारशक्तीही तीच. बदलला तो फक्त कागद मान्य करणारा. सहाशे वर्षांच्या या इतिहासातून मला एवढंच सांगायचं आहे : साथीचे नियम रोगाच्या लपण्याच्या काळावर लिहिले जातात, पण ते बदलतात भीतीच्या आणि राजकारणाच्या वेगाने. पहिला भाग समजून घेता येतो. दुसऱ्यासाठी मोकळीक ठेवावी लागते.

मग तयारी कशी करायची?

पुढची साथ कधी येईल, कोणती असेल, हे कुणालाही सांगता येणार नाही. पण पुढच्या गोष्टी कोणत्याही साथीत उपयोगी पडतील.

१. कुठल्याही कागदाला तीन प्रश्न विचारा. हा कागद नेमकं काय सिद्ध करतो? तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालतो? आणि मी जातो आहे त्या देशाला तो मान्य आहे का? निगेटिव्ह आरटीपीसीआर म्हणजे नमुना घेतला त्या वेळी विषाणू सापडला नाही, इतकंच. लपण्याच्या काळात ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणूनच बहात्तर तासांची अट असे आणि तरीही वर क्वारंटाइन असे.

२. मागे मोजत या. प्रवासाची तारीख धरून उलटं मोजा. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी. गोवर-गालगुंडासारखी दुसरी जिवंत लसही घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने. पीतज्वराची लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते. गरोदर स्त्रिया, साठीपुढची माणसं, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी ती आधी विचारूनच घ्यावी.

३. टीबीचे जुने कागद फेकू नका. ब्रिटनसारखे देश सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीयांची टीबी तपासणी मागतात; आखाती देशांच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतोच. पूर्वी टीबी होऊन बरा झाला असेल तरी फुप्फुसावर डाग राहू शकतो आणि तेवढ्यावरून माणूस 'अनफिट' ठरू शकतो. उपचार पूर्ण केल्याचा दाखला आणि जुने एक्स-रे असतील तर डाग जुना आहे हे निदान मांडता तरी येतं. एजंटाला पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून एकदा एक्स-रे पाहून घ्या.

४. औषधं जास्तीची ठेवा. बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्सची औषधं किमान महिन्याची जास्त, आणि तीही हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नाव परदेशात चालत नाही. ट्रामाडॉल, कोडीनसारखी औषधं काही आखाती देशांत पूर्वपरवानगीशिवाय नेणं गुन्हा ठरू शकतो. खोकल्याच्या काही सिरपमध्येही कोडीन असतं, हे लक्षात ठेवा.

५. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणेच. लसीच्या नोंदीत एक अक्षर वेगळं असलं तरी विमानतळावर अडवतात. मुलांची लसीकरण कार्डं आणि मोठ्यांच्या लसींच्या नोंदी कागदावर आणि मोबाइलमध्ये, दोन्हीकडे ठेवा.

६. परतीचे दोर कापू नका. तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या. क्वारंटाइनचा खर्च आणि दोन-तीन महिन्यांचा अडकाव निभेल इतके पैसे बाजूला ठेवा. व्हिसा हातात येईपर्यंत शेत विकणं आणि नोकरी सोडणं थांबवा. आरोग्य विम्यात साथीचा आजार धरला आहे का, हे वाचून घ्या.

७. नियम दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहा, प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा पाहा. व्हॉट्सॲपवर आलेलं नव्हे. आणि खोटा रिपोर्ट कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो गुन्हा आहेच, शिवाय तुम्ही खरोखर आजारी असाल तर विमानातल्या शेजाऱ्याला आजार देऊन उतराल.

८. मागे राहणाऱ्यांची योजना आधी करा. यादीत हा मुद्दा शेवटी आहे, पण महत्त्वाने पहिला आहे. कोविडमध्ये कितीतरी मुलांना आईवडिलांचा शेवटचा चेहरा मोबाइलवर पाहावा लागला. विमानं बंद होणं तुमच्या हातात नव्हतं आणि पुढेही नसेल. पण मी येऊ शकलो नाही तर इथे कोण धावेल, हे ठरवणं हातात आहे. जवळ राहणारा एक भाऊ, पुतण्या किंवा शेजारी नक्की करा. त्याच्याकडे आईवडिलांच्या आजारांची आणि औषधांची यादी, डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर, विम्याची कागदपत्रं आणि तातडीला लागतील तेवढे पैसे असू द्या. आईवडिलांच्या लसी आणि तपासण्या तुम्ही निघण्याआधी पूर्ण करून घ्या. हे बोलणं अवघड जातं, अपशकुन वाटतो. तरी निघण्याच्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून बोलून घ्या.

या आठ गोष्टी झालेल्या असतील, तर निर्धास्त मनाने जा. मॉरिशसला गेलेल्या त्या मजुरांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. त्यांना रोग कसा होतो हे माहीत नव्हतं, किती दिवस थांबवतील हे माहीत नव्हतं आणि मागे राहिलेल्यांना खबर मिळायची सोय नव्हती. आपल्याकडे या तिन्हींची उत्तरं आहेत. ती निघण्याआधी वापरा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. देशांचे नियम बदलत असतात. प्रवासाआधी अधिकृत माहिती पाहा आणि लसी-औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)